तेरावी सुपारी

दत्तोपंतांच्या सहलीला निघायचं म्हणजे आधी हातावर सुपारी घ्यावी लागे.

दत्तोपंत लातूरच्या शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. महिन्यातल्या एका रविवारी ते बारा माणसांची गाडी काढत. पहाटे निघायचं, देवदर्शन, नदी, एखादा किल्ला असं दाखवायचं आणि रात्रीच्या जेवणाला ज्याला त्याला आपापल्या घरी पोचवायचं. फार वर्षांपूर्वी ते एका म्हातारीला घाटावर विसरून आले होते. त्याची अशी काही लाज वाटली, की तेव्हापासून त्यांनी ही पद्धत धरली. दर मुक्कामाला उतरताना प्रत्येकाला एक सुपारी द्यायची. परत चढताना ती त्यांच्या पितळी डब्यात पडायची. बारा झाल्या की गाडी हलणार.

"तोंडं मोजायला गेलं की माणसं हलतात," ते म्हणत. "सुपाऱ्या हलत नाहीत."

पौषातल्या त्या रविवारी गाडीत बाराही बायकाच होत्या. सगळ्या लताबाईंच्या गल्लीतल्या. शिकवणी वर्ग सुरू झाले तशी ही गल्ली बदलली होती. घराघरावर मजले चढले, खोल्यांना कुलपं लागली, आणि नांदेड, देगलूर, हिमायतनगर अशा लांबलांबच्या गावच्या आया पोरांचं रांधायला इथे येऊन राहिल्या. वर्षभर त्या चार भिंतींत पोराचं वेळापत्रक सांभाळत बसत. एक दिवस मोकळी हवा मिळावी आणि परीक्षेआधी देवाच्या कानावर घालून यावं, एवढ्यासाठी ही सहल.

लताबाईंना त्यात मान होता. त्यांचं बोलणं हळू, पाऊल हळू. पहाटे उंबऱ्याला कुंकू लावून तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत त्या पाण्याचा घोट घेत नसत. शुक्रवारी मीठ नाही, चतुर्थीला अन्न नाही, आणि रोजच्या जेवणातलं पहिलं वाढलेलं पान बाहेरच्या कुणाला तरी. गल्लीतलं कुठलंही पोर परीक्षेला निघालं की आधी लताबाईंच्या दारात येई. त्यांच्या हातचं कुंकू कपाळाला लागलं की पेपर सोपा जातो, अशी सगळ्यांची समजूत. देवीनं ज्या बाईला भूकंपातून वेगळं काढलं, तिच्या हाताला गुण असणारच.

"आज तळ्याकाठच्या देवीपाशी तुम्ही सांगायचं हं लताताई," गाडी अहमदपूर ओलांडत होती तेव्हा वर्षाराणी मागे वळून म्हणाली. ही देगलूरची, तिचा सत्यम बारावीला. "ते किल्लारीच्या वेळचं. मी नुसतं ऐकलंय लोकांकडून. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"बघू," लताबाई म्हणाल्या.

"बघू काय? हक्कानं सांगायलेय मी. माझं पोरगं रात्रीचं झोपेत दचकून उठायलंय. त्याला तेवढं ऐकवीन की देव असतो म्हणून."

लताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तीस-एकतीस वर्षं त्या ही गोष्ट सांगत होत्या. दर वेळी सांगून झाल्यावर त्या घरी येऊन थंड पाण्यानं अंघोळ करीत. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

पहिला मुक्काम माळेगावचा. खंडोबाचं दर्शन झालं, भंडाऱ्यानं सगळ्या पिवळ्या झाल्या आणि हसत खिदळत गाडीत चढल्या. दत्तोपंतांनी डबा उघडला, मोजलं, पुन्हा मोजलं.

"तेरा?"

"मास्तर, वय झालं आता," धोंडाबाई मागून ओरडल्या. त्या हिमायतनगरच्या, नातवासाठी येऊन राहिलेल्या आणि तोंडाच्या फटकळ. "बाराच्या पुढं येतं का मोजायला?"

"कुणी घरून आणून टाकली असंल तर सांगा. थट्टा नको."

जास्तीची सुपारी लहान होती, काळपटलेली. दत्तोपंतांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि खिडकीतून रस्त्याकडेला फेकली.

गाडी सुटताना लताबाईंची नजर सहज मागे गेली. अगदी मागची एकटी जागा सकाळी रिकामी होती; पाण्याचा कॅन ठेवला होता तिथे. आता कॅन खाली होता आणि तिथे एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, तोंड खिडकीकडे. लुगडं जुनं, धुऊन धुऊन रंग गेलेलं.

"त्या कोण हो?" लताबाईंनी धोंडाबाईंना हळूच विचारलं.

"वर्षाराणीसंगं असतील."

वर्षाराणी म्हणाली, "मला वाटलं धोंडाअम्माच्या पाहुण्या. मघाशी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, चला की आत. तर म्हणाल्या, माझं चालत नाही."

तेवढ्यावर विषय मिटला. 'चालत नाही' म्हटल्यावर बायका पुढे विचारीत नाहीत. फक्त तिच्या पुढच्या रांगेतल्या दोघींनी आपले पदर सावरून घेतले.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात माथा टेकून सगळ्या लंगरच्या पंगतीत बसल्या. ती बाई पंगतीत नव्हती. तिथून घाटावर गेल्या. गोदावरी पौषात शांत असते; पाणी हिरवट, पायऱ्यांवर ऊन. बायका खाली जाऊन दिवे सोडीत होत्या. ती मात्र सगळ्यात वरच्या पायरीवर, सावली धरून बसली होती. लताबाईंना राहवलं नाही. रोजच्या नेमानं लंगरमधली एक पोळी त्यांनी बाहेरच्या कुणासाठी तरी बांधून आणली होतीच. त्या जवळ गेल्या.

"बाई, सकाळपासून पोटात काही नसंल. एवढं घ्या."

"खाली ठेव."

लताबाईंनी पोळी पायरीवर ठेवली. विटाळातल्या बाईच्या हातात हात लागू नये म्हणून तसं ठेवायची रीत होती. पण सांगणाऱ्या आवाजात काहीतरी ओळखीचं होतं.

"पाणी?"

बाईनं ओंजळ पुढे केली. "वरून घाल."

लताबाईंनी तांब्या उंच धरला. पाणी ओंजळीत पडत राहिलं, बोटांतून गळत राहिलं. तांब्या संपला. बाई एक घोटही प्यायली नव्हती. नुसती हात धूत होती. आणि हातावरून जे पायरीवर ओघळलं होतं ते पाणी नव्हतं, पांढरा चिखल होता. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी चढवतात त्या मातीचा. त्या मातीला ओली झाल्यावर एक वास येतो. ज्याच्या डोक्यावर तसलं छत होतं, त्यालाच तो ठाऊक.

लताबाई घाईघाईनं पायऱ्या उतरून बायकांत गेल्या. बराच वेळ त्या पाण्यात पाय बुडवून उभ्या होत्या.

गाडीत दत्तोपंतांनी मोजलं. तेरा. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी जास्तीची सुपारी उजेडात धरली. लहान, काळपट, आणि एका अंगाला वाळलेली पांढरी माती.

"ही तर मी माळेगावला फेकली होती," ते म्हणाले. मग स्वतःच घसा खाकरून म्हणाले, "सुपारी सुपारीसारखीच दिसायची म्हणा."

परतीच्या वाटेवर कंधारचा किल्ला होता. चोहीकडून खंदक, काळे तट, एकातून एक दरवाजे. दत्तोपंतांना आता रंग चढला होता. राष्ट्रकूट, काकतीय, बहमनी. कोणत्या राजानं काय बांधलं ते सांगत ते पुढे चालले होते, बायका मागे. लताबाई दुसऱ्या दरवाज्यापाशी थांबल्या. दगडी छताखाली त्या जात नसत. स्वतःच्या घरीसुद्धा त्यांनी वर पत्रा घालून घेतला होता. लोक म्हणत, साहजिक आहे, भोगलंय त्यांनी.

"जायचं न्हाई का आत?"

ती बाई कमानीच्या सावलीत उभी होती. दोन हातांवर.

"नको," लताबाई म्हणाल्या.

"मी गेले होते," ती म्हणाली. "सोवळं नेसून. चौदा अनारसे तळले, चौदा गाठींचा दोरा ताम्हनात ठेवला. कंबर तुटत होती. पायावरून ओघळ येत होता, तो पुसत पुसत नैवेद्याचं पान वाढलं मी. तू बघितलंस की गोठ्यातून."

लताबाईंनी डोळे मिटले. चतुरा. थोरली जाऊ. अक्का.

अनंत चतुर्दशीचा तो दिवस त्यांना विसरता येत नव्हता. तेरणेकाठचं ते गाव, दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, घरात चौदा वर्षांचं अनंताचं व्रत. नवरा लातूरला नोकरीवर. घरी सासू, थोरले दीर, अक्का आणि लग्नाला वर्ष झालेली लता. दहा दिवस गौरी-गणपतीचं रांधून लताच्या हातापायांत त्राण उरलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी आडावर अक्कानं तिला हळूच सांगितलं होतं, "लता, माझी पाळी जवळ आली गं. उद्या बाजूला बसावं लागंल बहुतेक. सोवळ्याचं तू बघ." लता हो म्हणाली. रात्रभर तिला त्या चौदा अनारशांची, ओल्या सोवळ्याची, उभ्या दिवसाची धास्ती बसली. आणि पहाटे, अक्का उठायच्या आत, ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझी अडचण आली."

आली नव्हती. चार दिवस अवकाश होता.

दोघी एकदम बाजूला बसल्या असत्या तर व्रत मोडलं असतं. अक्का उठली. तिनं लताकडे एकदाच पाहिलं, आडावर गेली आणि ओल्या अंगानं सोवळं नेसून चुलीपुढे बसली. लता दिवसभर गोठ्यात पडून राहिली. वर कडब्याचं छप्पर होतं. पोत्यावर अशी गाढ झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती. दुसऱ्या पहाटे चारला जमीन हलली, तेव्हा तिच्यावर फक्त कडबा पडला; घरातली तिघं भिंतींखाली गेली.

भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोक म्हणाले, कुण्या बाईनं विटाळात देवाला हात लावला असंल, म्हणून हे झालं. तेव्हाही लता गप्प बसली. मग कुणीतरी म्हणालं, हिला बघा, देवीनं बरोबर त्याच दिवशी हिला घराबाहेर काढलं. आणि लतानं मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर पुढचं सगळं उभं राहिलं होतं. नेम, उपवास, उंबऱ्यावरचं कुंकू, गल्लीतला मान.

डोळे उघडले तेव्हा कमानीखाली कुणी नव्हतं. सावलीत जिथे ती उभी होती तिथल्या फरसबंदीवर दोन ओल्या पावलांचे पांढरे ठसे होते. पर्समधला फोन वाजत होता. मृण्मयी, त्यांची मुलगी.

"आई, टेस्टचे मार्क आले. बरे पडलेत. तू देवीपाशी माझ्या नावानं बोलून ये. आणि रात्री काहीतरी चांगलं कर ना. अनारसे कर."

"अनारसे?" लताबाई म्हणाल्या. "मी कधी केलेत का घरी?"

"नाही ना. म्हणूनच. काय माहीत, आत्ता एकदम मनात आलं."

किल्ल्यापासून जवळच तळं. दत्तोपंतांनी सगळ्यांना काठावर उभं केलं आणि हात पसरून म्हणाले, "मराठवाड्याला समुद्र नाही म्हणतात ना? हा बघा. जगत्तुंग समुद्र. हजार वर्षांपूर्वीच्या राजानं बांधला आणि नावच समुद्र ठेवलं."

"तळंच हाय की," धोंडाबाई म्हणाल्या. "पर नाव मोठं ठिवायला कुणाच्या बापाचं काय जातंय!"

बायका हसल्या. लताबाई हसल्या नाहीत. मोठं नाव त्यांनाही ठेवलं होतं लोकांनी.

सूर्य पाण्याला टेकला होता. वारा होता, लाटा दगडांवर येऊन फुटत होत्या. काठावरच देवीचं लहान देऊळ, पाच पायऱ्या, शेजारी पुजाऱ्याचं खोपट. आरतीला थोडा अवकाश होता. बायका पायऱ्यांवर बसल्या आणि वर्षाराणीनं लताबाईंना मधोमध बसवलं.

"हं. आता सांगा."

ती बाई सगळ्यात खालच्या पायरीच्या खाली, मातीत बसली होती. पदर पुढे. ऐकत होती.

लताबाईंनी ठरवलं होतं. किल्ल्यापासून इथवर त्यांनी मनात शब्द जुळवले होते. 'मी खोटं बोलले होते.' एवढंच. पुढचं आपोआप येईल. एकदा सांगितलं की सुटलो. त्यांनी समोर पाहिलं. अकरा तोंडं. वर्षाराणीचे डोळे आत्ताच भरून आले होते. हिचं पोरगं रात्री दचकून उठतं. उद्या ही त्याला काय सांगणार? आणि गल्लीतली पोरं कुणाच्या दारात जाणार? मृण्मयी काय म्हणेल?

"अनंताचा दिवस होता," त्या म्हणाल्या. "नैवेद्याची सगळी तयारी होती."

वारा थांबला.

"आणि पहाटे माझी अडचण आली. चार दिवस आधीच." जीभ सवयीनं चालत राहिली. "देवीनंच धाडली म्हणायची."

"आई गं," वर्षाराणीनं हात जोडले.

खाली मातीत बसलेली बाई उठली.

देवळात घंटा वाजली. "आरती, आरती," म्हणत बायका उठून आत जाऊ लागल्या. लताबाई उठायला गेल्या आणि ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. खोल, जुनी, ओळखीची कळ. सहा वर्षांपूर्वी जे कायमचं थांबलं होतं, ते त्यांच्या मांडीवरून ऊन ऊन ओघळलं.

त्या मटकन खाली बसल्या.

अक्का पायऱ्या चढून समोर आली. तिनं पदर मागे सारला. सत्तावीस वर्षांची होती, तेवढीच होती. केसांत माती. तिनं लताबाईंच्या खांद्याला हात लावला. दिवसभरात पहिल्यांदा.

"आलीय ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. आडावर बोलायची तसंच बोलत होती. "मग बस बाजूला. आतलं मी बघते."

लताबाईंच्या गुडघ्यावरची पर्स तिनं उचलून घेतली. उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि ती आत गेली.

आरती सुरू झाली. आतून एक आवाज वरच्या पट्टीत येत होता. गल्लीत सगळे ज्या आवाजाचं कौतुक करीत, तो. लताबाईंचा.

उंबरा चार हातांवर होता. पण या अवस्थेत तो ओलांडायचा नसतो. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना तेच सांगितलं होतं. त्या पायरीवरून उतरल्या आणि मातीत बसल्या.

आरती संपली. बायका बाहेर आल्या, कपाळावर ताजं कुंकू.

"लताताई, तुमचा हात काय गार लागतोय हो," वर्षाराणी मागे वळून कुणाला तरी म्हणत होती. उतरताना तिचं लक्ष खाली मातीत बसलेल्या बाईकडे गेलं. तिनं साडी गोळा करून घेतली, अंग चोरलं आणि बाजूनं गेली.

लताबाईंनी तोंड उघडलं. हाक मारायची होती. पण काय म्हणून? ती मी नाही, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? खरं तर वाचून घरी जायला हवी होती ती अक्काच तर होती.

गाडीचं दार उघडं होतं. सुपाऱ्या डब्यात पडायचा आवाज येत होता.

"बारा," दत्तोपंत म्हणाले. मग मोठ्यानं हसले. "चला, दिवसातून पहिल्यांदा बरोबर आलं. व्यंकटी," त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, "काढ गाडी."

"लताताई, खिडकीकडं बसता का? बसा, बसा."

दार लागलं. मागची एकटी जागा काचेतून रिकामी दिसली. पाण्याचा कॅन पुन्हा वर ठेवलेला होता. दिवे वळणाआड गेले. आठ-साडेआठला गाडी लातुरात पोचणार होती. मृण्मयीला गरम अनारसे मिळणार होते.

लताबाईंनी मूठ उघडली. त्यांची सुपारी तळहातावर होती. बोटांच्या रेघारेघांत पांढरी माती बसली होती.

खोपटाचं दार करकरलं. पुजाऱ्याची म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं वर बघितलं नाही, नाव विचारलं नाही. पुरेशा अंतरावर उभं राहून तांब्या उंच धरला. लताबाईंनी न सांगता ओंजळ पुढे केली.

"कितवा दिवस गं बाई?" म्हातारीनं पाणी घालत विचारलं.

"पहिलाच," लताबाई म्हणाल्या.